गुहेतून आलेला आवाज : ‘मंजुम्मेल बॉईज’चा ध्वनिपट ऐकताना

चित्रपट पाहिला का, असे आपण एकमेकांना विचारतो. ऐकला का, असे सहसा कोणी विचारत नाही. गाणी ऐकली जातात, गुणगुणलीही जातात. पण संपूर्ण चित्रपट कानांनी अनुभवण्याची सवय आपल्याला फारशी नाही. मल्याळम चित्रपटांनी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या शहरांमध्येही जाणता प्रेक्षक मिळवला आहे. मात्र भाषा येत नसल्यामुळे या प्रेक्षकाचे डोळे पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या उपशीर्षकांवर खिळलेले असतात आणि कानावर पडणाऱ्या कितीतरी गोष्टी निसटून जातात. चिदंबरम दिग्दर्शित ‘मंजुम्मेल बॉईज’ हा २२ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रदर्शित झालेला चित्रपट मात्र नीट ऐकल्याशिवाय पुरता उमगत नाही. त्याचे कथानकच ऐकू येण्या-न येण्याच्या ताणावर उभे आहे.

कथा २००६ साली घडलेल्या सत्य घटनेवर आधारलेली आहे. कोचीजवळच्या मंजुम्मेल गावातील मित्रांची एक टोळी कोडाईकनालच्या सहलीला जाते. तिथल्या गुहेत, मनाई असलेल्या भागात शिरल्यावर त्यांच्यापैकी सुभाष एका खोल, अरुंद विवरात कोसळतो. वरून मित्र जिवाच्या आकांताने हाका मारतात. खालून उत्तर येत नाही. पोलिसांना ही पोरे संशयास्पद वाटतात, स्थानिक लोक सांगतात की इथे पडलेला कधी परत आलेला नाही. त्यातच पाऊस सुरू होतो आणि पाण्याचे लोट विवरात उतरू लागतात. सुभाष जिवंत आहे की नाही, याचा एकच पुरावा मिळू शकतो, तो म्हणजे त्याचा आवाज. पुढचे सारे नाट्य त्या आवाजाची वाट पाहण्याचे आहे.

ध्वनिपट म्हणजे केवळ गाणी नव्हेत

‘साउंडट्रॅक’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. बाजारात तो गाण्यांच्या संग्रहासाठी रूढ आहे. चित्रपटनिर्मितीत मात्र त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. संवाद, पावलांपासून पावसापर्यंतचे ध्वनी, पार्श्वसंगीत आणि गाणी हे चार प्रवाह स्वतंत्रपणे तयार होतात व अखेरच्या ध्वनिमिश्रणात एकत्र येतात. कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता पूर्ण बंद, हे तिथे ठरते. या सगळ्याला मिळून ध्वनिपट म्हणावे. संगीतकाराची चाल कितीही सुरेख असली, तरी तिच्या आधी व नंतर काय ऐकू येते यावर तिचा परिणाम अवलंबून असतो.

मल्याळम चित्रपटसृष्टीला ही जाण अचानक आलेली नाही. १९३८ साली ‘बालन’ हा पहिला मल्याळम बोलपट आला आणि १९४८ च्या ‘निर्मला’मध्ये पार्श्वगायनाचा आरंभ झाला. त्या सुरुवातीच्या काळात हिंदी व तमिळ गाण्यांच्या चालींवर मल्याळम शब्द बसवण्याची पद्धत सर्रास होती. १९५४ च्या ‘नीलक्कुयिल’ने हे चित्र बदलले. पी. भास्करन यांचे शब्द आणि के. राघवन यांचे संगीत यांनी केरळच्या मातीतल्या चालींना, मलबारच्या माप्पिळा गीतांच्या वळणाला पडद्यावर जागा मिळवून दिली.

या प्रवासात मुंबईचाही वाटा आहे. रामू करियाट यांच्या १९६५ च्या ‘चेम्मीन’ला संगीत दिले सलील चौधरी यांनी, त्यातले एक अजरामर गीत गायले मन्ना डे यांनी आणि संकलन केले हृषीकेश मुखर्जी यांनी. पुढे करियाट यांच्याच ‘नेल्लु’ (१९७४) या चित्रपटासाठी लता मंगेशकर यांनी सलीलदांच्या संगीत दिग्दर्शनाखाली आपले एकमेव मल्याळम गीत गायले. ‘चौदहवीं का चाँद’ आणि ‘वक्त’चे संगीतकार रवी तर १९८६ च्या ‘पंचाग्नि’ व ‘नखक्षतंगळ’पासून केरळात ‘बॉम्बे रवी’ या नावाने ओळखले गेले. हिंदीतली त्यांची कारकीर्द मंदावल्यानंतर मल्याळम रसिकांनी त्यांना दुसरी उमेद दिली. १९९४ च्या ‘सुकृतम’ आणि ‘परिणयम’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसरी वाट ध्वनीच्या काटेकोर वापराची. पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘स्वयंवरम’मध्ये (१९७२) गाणी नाहीत, भोवतालच्या आवाजांनाच तिथे अर्थ दिला आहे. जॉन्सन यांनी पद्मराजन, भरतन यांच्या चित्रपटांना दिलेले पार्श्वसंगीत असे संयत होते की काही वाद्यांत ते प्रसंगाचे मर्म सांगून थांबे. ‘सुकृतम’च्या पार्श्वसंगीताचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांचा होता. म्हणजे एकाच चित्रपटाची गाणी आणि पार्श्वसंगीत दोन वेगळ्या संगीतकारांकडून करून घेणे आणि दोहोंना तेवढाच मान देणे तिथे नवे नव्हते. ‘स्लमडॉग मिलियनेर’च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी हे मूळचे केरळचेच, आणि त्यांचेही शिक्षण पुण्याच्या याच संस्थेतले. ‘मंजुम्मेल बॉईज’ या परंपरेचा वारस आहे.

संगीतकार सुषिन श्याम

चित्रपटाचे संगीतकार सुषिन श्याम हे मूळचे उत्तर केरळातील तलश्शेरीचे. ‘द डाउन ट्रॉडन्स’ या मेटल बँडमध्ये ते कीबोर्ड वाजवत. २०१४ च्या सुमारास ते चित्रपटांच्या पार्श्वसंगीताकडे वळले. ‘वरत्तन’ (२०१८), ‘कुंबळंगी नाइट्स’ (२०१९) आणि ‘भीष्म पर्वम’ (२०२२) यांनी त्यांचे नाव सर्वदूर नेले. ‘कुंबळंगी’साठी त्यांना केरळ राज्य पुरस्कार मिळाला. मेटल संगीताच्या संस्कारातून आलेले दोन गुण त्यांच्या कामात जाणवतात. पहिला, खर्जातल्या स्वरांचे वजन. दुसरा, ताण शेवटपर्यंत धरून ठेवण्याची तयारी. चाल गोड आहे म्हणून ती लगेच ऐकवायची, ही घाई त्यांना नाही.

‘मंजुम्मेल बॉईज’मध्ये त्यांची दोन गाणी लक्षात राहतात आणि ती एकमेकांपासून दूर उभी आहेत. ‘कुतंत्रम’मध्ये वेडन या रॅप गायकाचे शब्द आहेत. कष्टकरी वस्तीतल्या जगण्याचा ठसका, अंगमेहनतीचा अभिमान आणि वस्तीतल्या बेरकीपणाची मिजास त्यात आहे. शीर्षक मराठी वाचकाला न सांगताही कळावे असे. संस्कृतमधून आलेला हा शब्द डाव-पेच सुचवतो. ‘नेबुलकळ’ हे दुसरे गीत अन्वर अली यांनी लिहिले आहे आणि प्रदीप कुमार यांनी हळुवारपणे गायले आहे. ‘नेब्युला’ या खगोलशास्त्रातील शब्दाला मल्याळममधला ‘-कळ’ हा अनेकवचनाचा प्रत्यय लागून हे शीर्षक झाले आहे. एक गाणे गल्लीतले, दुसरे तेजोमेघांकडे पाहणारे. मित्रांच्या या टोळीला दोन्ही शोभतात.

गुहा कशी ऐकू येते

चित्रपटाच्या पूर्वार्धाचा आवाज हा गर्दीचा आवाज आहे. लग्नातली कुरबुर, रस्सीखेचीच्या सामन्यातला आरडाओरडा, गाडीत एकाच वेळी बोलणारे आठ-दहा जण. कोण काय म्हणतो ते उपशीर्षकेही पुरते सांगू शकत नाहीत, आणि सांगण्याची गरजही नसते. इथे वाक्ये महत्त्वाची नाहीत. या पोरांना शांत राहता येत नाही, हे महत्त्वाचे आहे. पुढे जे घडणार आहे त्याची पेरणी या गलक्यातच झालेली असते.

गुहेत शिरल्यावर हाच गलका खडकांवर आपटून परत येऊ लागतो. मित्र कोसळतो आणि गमतीच्या हाकांचे किंकाळ्यांत रूपांतर होते. नाव तेच, हाक मारणारे तेच. पण आता प्रत्येक हाकेनंतर एक पोकळी आहे. ध्वनिरचनाकार शिजिन मेल्विन हटन आणि अभिषेक नायर यांचे कौशल्य या पोकळीत आहे. हाकेनंतर उत्तर न येणे ऐकवायचे, तर आधी हाक स्पष्ट ऐकू यावी लागते आणि मग विवराची खोली कानाला जाणवावी लागते. कलादिग्दर्शक अजयन चालिश्शेरी यांनी गुहेचा मोठा भाग पेरुंबावूर येथे नेपथ्य म्हणून उभारला होता. डोळ्यांना पटणारा तो दगड कानांनाही दगडच वाटावा, हे काम ध्वनीने केले आहे.

पाऊस सुरू झाल्यावर ध्वनिपटाचा अर्थ पालटतो. केरळच्या चित्रपटांत पाऊस बहुधा प्रेमाचा, आठवणींचा किंवा पेरणीचा असतो. इथे पावसाचा प्रत्येक थेंब विवरात जाणार आहे. मित्र दगड-मातीने पाणी अडवू पाहतात, स्वतः आडवे पडून लोट थोपवतात, तेव्हा वाढणारा पाण्याचा आवाज हाच खलनायक ठरतो. पार्श्वसंगीत त्याच्याशी स्पर्धा करत नाही. खालच्या पट्टीतला सलग घुमारा आणि मधूनच येणारे आघात एवढ्यावर ते काम भागवते. सुरेल, आश्वासक चाल बराच वेळ दूर ठेवली जाते. श्रोत्याचा कान सुरासाठी आसुसलेला राहतो, जसे ते मित्र उत्तरासाठी.

आणि मग खालून आवाज येतो. त्या आवाजात माधुर्य नाही. तो वेदनेचा, भेदरलेला आवाज आहे. पण त्या क्षणी त्याहून सुंदर ध्वनी असू शकत नाही. कुट्टन हा मित्र दोर बांधून खाली उतरतो. वर दोर धरणारे हात रस्सीखेचीत तयार झालेले आहेत. पूर्वार्धात गमतीचा वाटलेला तो खेळ आता जीवनमरणाचा झाला आहे आणि तेव्हाचा एकसुरी जोरकस हुंकार इथे वेगळ्याच अर्थाने परत येतो.

तेहतीस वर्षांपूर्वीचे गाणे

दोघे मित्र वर येऊ लागतात तेव्हा ध्वनिपटावर उमटते ते गीत सुषिन यांचे नाही. ते मल्याळमही नाही. १९९१ च्या ‘गुणा’ या तमिळ चित्रपटातले ते गाणे आहे. संगीत इलयराजा यांचे, शब्द वाली यांचे, आवाज कमल हासन आणि एस. जानकी यांचे. ‘गुणा’चा काही भाग याच गुहेत चित्रित झाला होता. पूर्वी ‘डेव्हिल्स किचन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जागेला त्यानंतर लोक ‘गुणा गुहा’ म्हणू लागले. मंजुम्मेलची पोरे तिथे ओढली गेली ती त्या चित्रपटाच्या मोहिनीमुळेच. त्यामुळे हे गाणे बाहेरून आणून चिकटवलेले वाटत नाही. ते त्या जागेतच मुरलेले आहे.

मूळ गाण्याची रचना ध्यानात घेतली तर या योजनेचे मर्म अधिक उलगडते. नायकाला मनातले लिहिता येत नाही. तो साध्या बोलण्यात पत्र सांगतो आणि नायिका तेच शब्द चालीवर म्हणत जाते. एकाचे अडखळते गद्य दुसऱ्याच्या कंठातून गाणे होऊन परत येते. ‘मंजुम्मेल बॉईज’मध्ये नेमके हेच घडले आहे. विवरातला मित्र नीट शब्दही उच्चारू शकत नव्हता. त्याच्या आर्त आवाजाला वरच्यांनी अर्थ दिला. त्या गीतात, हे साधे मानवी प्रेम नव्हे, त्यापलीकडचे काही आहे, अशा आशयाची एक ओळ आहे. एका भ्रमिष्ट प्रियकराने आपल्या देवतेसाठी म्हटलेली ती ओळ चिखलाने माखलेल्या दोन मित्रांवर येते, तेव्हा तिचा अर्थ बदलतो. शब्द तेच, स्वर तेच, ध्वनिमुद्रणही तेच. बदलला आहे तो त्याच्या आधीचा पाऊण-एक तास. या काळात कानाला सूर मिळालेला नाही, म्हणूनच हा सूर एवढा भरून येतो. हेच गाणे कोणी मोबाइलवर सुटे ऐकले तर ते एक उत्तम जुने गाणे ठरेल. त्या जागी ते सुटकेचा श्वास होते.

तमिळनाडूतही या चित्रपटाला तुफान गर्दी झाली, त्यामागे या गाण्याचा वाटा मोठा होता. जगभरातून दोनशे कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळवणारा हा पहिला मल्याळम चित्रपट ठरला.

गाणे कोणाचे?

या यशाला वादाची किनारही आहे. मे २०२४ मध्ये इलयराजा यांच्या वतीने निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवण्यात आली. आपल्या परवानगीविना गाणे वापरले, असे त्यांचे म्हणणे होते; तर ज्या कंपन्यांकडे हक्क आहेत त्यांच्याकडून रीतसर परवानगी घेतली, असे निर्मात्यांनी सांगितले. श्रेयनामावलीत ऋणनिर्देश करणे आणि परवानगी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या वादाने सामान्य प्रेक्षकालाही कळले.

स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांची बाजू बळकट केली. चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या मानधनात त्यांना समान वाटा मिळावा, आणि हा हक्क करारानेही काढून घेता येऊ नये, अशी तरतूद झाली. त्याआधीच्या दशकांत झालेले करार मात्र बहुधा निर्माता आणि ध्वनिमुद्रण कंपनी यांच्या सोयीचे असत. जुनी गाणी नव्या चित्रपटांत परत येण्याच्या आजच्या काळात हा प्रश्न एका चित्रपटापुरता राहत नाही. एक गोष्ट खरी, की ‘मंजुम्मेल बॉईज’ने त्या गाण्याला नवा अर्थ आणि नवी पिढी मिळवून दिली; आणि दुसरीही तेवढीच खरी, की तो अर्थ ज्या स्वरांवर उभा राहिला ते स्वर दुसऱ्याच्या प्रतिभेचे होते. कृतज्ञता आणि मोबदला यांपैकी एक दिले म्हणजे दुसऱ्यातून सुटका होते, असे नाही.

भाषा न कळणाऱ्याने कसे ऐकावे

मराठी श्रोत्याला मल्याळम वाटते तितकी परकी नाही. संस्कृतमधून आलेले शब्द पावलोपावली भेटतात. ‘ळ’ तर दोन्ही भाषांचा लाडका. त्याशिवाय मल्याळममध्ये ‘ऴ’ हा आणखी एक वर्ण आहे. पावसाला तिथे ‘मऴ’ म्हणतात, आणि तो उच्चार आपल्या ‘ळ’पेक्षा अधिक मृदू, जीभ मागे वळवून केलेला असतो. चित्रपटाचे नावही रोमन लिपीवरून आपण ‘मंजुम्मेल’ असे वाचतो. गावकऱ्यांच्या तोंडी ते ‘मञ्ञुम्मल’च्या जवळचे आहे. असे बारकावे कानाने टिपले की संवाद हा निव्वळ कोलाहल राहत नाही.

चित्रपट प्रथम उपशीर्षकांसह पाहावा. दुसऱ्या वेळी गुहेतला भाग दहा मिनिटे डोळे मिटून ऐकावा. हाक किती अंतरावरून येते, घुमून परत यायला किती वेळ लागतो, पाऊस कधी मागे आणि कधी अंगावर असतो, संगीत नेमके कुठे थांबते, याकडे लक्ष द्यावे. यासाठी चांगले हेडफोन हवेत. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जातले सूर जवळजवळ उमटतच नाहीत आणि या ध्वनिपटाचा अर्धा जीव खर्जात आहे.

२०२४ सालच्या चित्रपटांसाठीचे केरळ राज्य पुरस्कार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यात ‘मंजुम्मेल बॉईज’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. गीतलेखनासाठी वेडन यांना, तसेच ध्वनिरचना आणि ध्वनिमिश्रण यांसाठीही या चित्रपटाला पुरस्कार मिळाले. पुरस्कारांच्या यादीत ध्वनीची नावे खालच्या ओळींत येतात आणि वाचकाची नजर तिथवर क्वचितच पोचते. या चित्रपटात मात्र एका माणसाचा जीव वाचला तो गलका थांबवून कोणीतरी कान दिला म्हणून. अंधारातून आलेला क्षीण आवाज ऐकू येण्यासाठी आधी त्या आवाजाची आस असावी लागते. चांगला ध्वनिपट ही आस श्रोत्याच्या मनात निर्माण करतो, आणि मग एका जुन्या गाण्याचे पहिले स्वरही पुरेसे होतात.